कोर्स संपत नाही तेव्हा

बीपीचा पट्टा कैलासच्या दंडाला पुरेना. मोठा पट्टा काढून पुन्हा मोजलं. वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा. हिमोग्लोबिन एकोणीस. इतक्या दाट रक्तात गुठळी व्हायची भीती असते.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर आहे. कैलास आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो. वय तिशीचं. ड्युटी संपली की गारखेड्याच्या जिममध्ये वेटलिफ्टिंग. गाडीवर चक्कर आली तर समोरचा माणूस चिरडला जाईल, म्हणून मी त्याला टेम्पररी अनफिट लिहिलं.

एचआर मॅनेजर केबिनमध्येच आले.

"मॅडम, अख्ख्या प्लांटमध्ये तोच एक फिट दिसतो."

"दिसण्याचं सर्टिफिकेट मी देत नाही," मी म्हणाले.

कैलासला स्टोअरमध्ये बसवलं. इंजेक्शनं घेता का, असं मी सरळ विचारलं. आधी म्हणाला, फक्त प्रोटीन. पुढच्या वेळी आला तेव्हा त्यानंच दार लावून घेतलं.

"चार वर्षं झाली, मॅडम. कोर्स संपला की थांबायचं असतं. मला थांबता येत नाय."

कोर्स म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. त्यात पुरुषाचं हार्मोन असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. मग सुई सोडली की आतूनही नाही, बाहेरूनही नाही. थकवा येतो, मन उदास होतं, दंड उतरतात. माणूस पुन्हा सुईकडे वळतो. डिपेंडन्स म्हणतात तो हाच.

मी त्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या देखरेखीत इंजेक्शनं थांबली, बीपी उतरलं. काही महिन्यांनी ते पुन्हा चढलेलं दिसलं.

"परत घेतलं?"

"भावाचं लग्न होतं. जो भेटंल तो विचारायचा, आजारी हायस का? आई तर रडलीच. आरशात बघितलं, मलाच मी ओळखू येईना. मग जिमवाल्याला फोन केला."

"त्याच्या आधी कसं वाटत होतं?"

"झोपूनच राहायचो. वाटायचं, आता उठूच नये."

हे वाक्य मी बीपीपेक्षा गंभीर धरलं. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला आणि त्याच्या संमतीनं त्याच्या बायकोला, सुनीताला, बोलावलं. तिला इंजेक्शनांचं काहीच माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, माझ्यावरच रुसलेत," ती म्हणाली.

पुढं घरी कुणी त्याच्या तब्येतीचं विचारलं की उत्तर सुनीताच द्यायची, "आजारी नायत, बरे होऊ लागलेत."

एचआरनं दोनदा विचारलं, किती दिवस स्टोअरमध्ये? मी म्हणाले, सांगता येत नाही. मधे एकदा कैलास पुन्हा घसरला, पण या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच येऊन सांगून गेला. जवळपास वर्षानं त्याला फोर्कलिफ्ट परत मिळाली. जिमला अजून जातो. पूर्वीचं वजन उचलत नाही, याचं त्याला अजून वाईट वाटतं. ते वाटणं बंद करायचं औषध माझ्याकडे नाही.

वार्षिक तपासणीत तंबाखू आणि दारूचं विचारावंच लागतं. आता मी जिमचंही विचारते. पहिल्या खेपेला खरं कुणी सांगत नाही, म्हणून पुढची तारीख देऊन ठेवते.