गळपट्टा बांधणारी बाई

न्यू लिन या आमच्या उपनगरातून दर शनिवारी मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आइस हॉकीच्या सरावाला नेते. ती गोलकीपर आहे. तिथे एक वयस्कर गोरी बाई मुलांना पॅड, हेल्मेट चढवून देते. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्याला मार लागू नये म्हणून असलेला जाड गळपट्टा बांधला की ती त्यात बोट घालून तीनतीनदा तपासते.

एकदा खेळातली रबराची टणक चकती सणसणत येऊन मुलीच्या गळ्यावरच आदळली. मुलगी कोसळली. थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, "आई, आय ॲम ओके."

मी त्या बाईला विचारलं, "तुम्हाला नाही भीती वाटत?"

"रोज वाटते," ती म्हणाली. "वाटेनाशी झाली की हे काम सोडेन."

तोवर मला वाटायचं, तिथे घाबरणारी मी एकटीच.