एस्तेर माझ्या घरातून कशी गेली

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, प्रार्थनेच्या बायकांनाही नाही. देवाला तरी सांगितलं असेल, म्हणाल — तिथेही मी आडूनच बोलले.

महाडात आमची ख्रिस्ती घरं थोडी. मी इथल्याच शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, यजमान गेले, मुलगा पनवेलला. वरच्या खोल्या रिकाम्या. आळीत सगळे मला बाई म्हणतात. गणपतीचा प्रसाद माझ्याकडे येतो, नाताळात माझ्या करंज्या घरोघरी जातात. हा शेजार मी फार जपला. प्रेमाने जपला, की भीतीने?

ईशान्येकडे दंगली झाल्या, गावं जळाली, तेव्हा एस्तेर दोन मुलींना घेऊन इकडे आली. तिचा भाऊ पोलादपूरला, हायवेवरच्या हॉटेलात स्वयंपाकी. कामगारांच्या पत्र्याच्या खोलीत तो बहिणीला कुठे ठेवणार? आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विचारलं, कुणाकडे जागा आहे का. सगळ्यांदेखत मी हात वर केला. सगळे माझ्याकडे बघत होते — फार बरं वाटलं मला.

सुरुवातीला मी मनापासून केलं. खोटं कशाला सांगू? गरम भात वर पाठवायचे, धाकटीला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचे. एस्तेर मोडक्या हिंदीत घर कसं जळालं ते सांगायची, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. न सांगता माझं अंगण झाडून ठेवायची.

मग आळीत कुजबुज सुरू झाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एके दिवशी शेजारच्या वहिनी दारात आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, ही माणसं आपल्याच देशातली ना? लोक म्हणतायत, तुमच्याकडे धर्मांतराचं काही चाललंय."

वहिनी वाईट नाहीत. मी त्यांना इतकंच सांगायला हवं होतं — हिचं घर जाळलंय, ही माझी पाहुणी आहे. एवढंच तर होतं! पण मी काय म्हणाले?

"मी कुठे ओळखते त्यांना? चर्चने गळ्यात मारलीत. जातील लवकरच."

एस्तेर जिन्यात उभी होती, हातात धुतलेले कपडे. मराठी तिला येत नव्हती. पण तिच्याकडे झटकलेला माझा हात तिला दिसला.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, मुलगा सहकुटुंब राहायला येतोय, खोल्या लागतील. मुलगा येणार नव्हता. धाकटी तेव्हा तापाने फणफणली होती — हेही मला माहीत होतं. एस्तेरने एकदाच विचारलं, "आंटी, छोटी का बुखार उतरने तक?"

मी म्हटलं, मुलगा उद्याच येतोय.

तिने पांघरुणांच्या घड्या केल्या, खोली झाडली आणि गेली. पाळकसाहेबांना मी सांगितलं, भावाने खोली बघितली, आनंदाने गेली. त्यांनी उपासनेत माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. मी मान खाली घालून बसले. लोकांना ती नम्रता वाटली.

पुढे साताऱ्याला जाताना एसटी पोलादपूरला चहासाठी थांबली. त्याच हॉटेलापाशी. मागच्या टाकीजवळ एस्तेर मोठाली पातेली घासत होती, थोरली शेजारी बसलेली. धाकटी दिसेना. मी पुन्हा पुन्हा बघत होते. मग एस्तेरने मान वर केली — आणि मी पदर तोंडावर ओढून घेतला. गाडी सुटेपर्यंत तशीच बसले.

परतताना मात्र मुद्दाम उतरले. भावाने काम सोडलं होतं. भांडी घासणारी बाई म्हणाली, "ती गेली गो बाय. धाकली पोर लय आजारी व्हती. कुठं गेली, कुनाला ठाव नाय."

ती मुलगी बरी झाली का? आहे का? मला माहीत नाही. शोधायला हवं होतं. शोधलं नाही — शोधलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

गेल्या महिन्यात पाळकसाहेब अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाले, त्या लेकरांना तुमच्या घरी आसरा मिळाला, हे आठवलं की समाधान वाटतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

मी "हो" म्हणाले.