काठोकाठ भरलेला पेला

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बसस्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत होते. तिलाच भेटायला निघाले होते. गाडी लागली, तशी मी बसले... महिना होऊन गेला, पण तिला सांगायचं होतं ते सांगायचंच राहिलं.

सुमनमावशी धारूरजवळच्या एका डोंगराळ गावात भूगोल शिकवायची. पृथ्वीचे थर शिकवताना ती उकडलेल्या अंड्याच्या टरफलाला तडे पाडायची आणि म्हणायची, यातल्या एका तुकड्यावर आपण बसलोय, आणि तो सरकतोय. मी बारा वर्षांची असताना, दुष्काळातल्या सुट्टीत तिच्याकडे होते. विहिरी आटल्या होत्या आणि जमिनीखालून आवाज येत होते. फडताळातली भांडी वाजायची. भूकंपाच्या भीतीनं लोकांनी चुली अंगणात मांडल्या होत्या. दूध सोसायटीच्या दगडी इमारतीत कुणी पाय ठेवीना, आणि दूध थंड करायची टाकी तर आतच होती. पिकं गेल्यावर गाव त्या दुधावरच तगून होतं. उन्हात कॅन तापत होते. चेअरमन मावशीला म्हणाले, "बाई, तुमी सांगा लोकांना, काई व्हनार न्हाई म्हून."

मावशी काही बोलायच्या आत कधी चारचौघांत न बोलणारी मी पुस्तकातलं बोलून गेले. भूकंप प्लेटांच्या कडेलाच होतात, आपण तर मधोमध आहोत.

"ऐका. इंग्रजी शाळेतली पोरगी सांगती हाय. लेकराला कळतं, तुमाला कळंना व्हय?" चेअरमन म्हणाले. दोघांतिघांनी कॅन उचलले.

"थांबा," मावशी म्हणाली. "मधेही होतो. तुकड्याच्या पोटातही जुन्या भेगा असतात. उद्याचं मला सांगता येत नाही."

माझे कान तापले. चेअरमननी विचारलं, मग दूध काय नालीत वतायचं? मावशी घरी गेली, काचेचा पेला काठोकाठ भरून आणला, सोसायटीच्या आतल्या टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. "एकेकानं या, ओता, निघा. पाणी हललं की पळायचं. मला एवढंच येतं."

बायका एकेक करून आत जाऊ लागल्या. मधेच खालून घुमल्यासारखा आवाज आला आणि पाण्यावर वलयं उठली. मावशीनं आतल्या बाईला बाहेर ढकललं, दारात थांबून पाणी थिरावेपर्यंत बघत राहिली, आणि पुन्हा आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. शेजारी आणखी एक खुर्ची होती... माझ्याच्यानं उंबरा ओलांडवला नाही. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. त्या दिवशी बसनं निघाले होते ती हेच बोलायला.

परवा तिची खोली आवरायला गेले. तो पेला अजून खिडकीत होता, जड पाण्याच्या क्षारांचं पांढरं कडं आतून धरलेला. ती रोज सकाळी तो भरायची आणि संध्याकाळी तुळशीला ओतायची. मी तो काठोकाठ भरून टेबलावर ठेवला. पाणी हलत होतं. तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि ते थिरावेपर्यंत बसून राहिले.