पुढच्या पानावरचा व्हॉल्व

कारखान्यांना विकल्या जाणाऱ्या, टाक्या-यंत्रं चालवायच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलच्या पानांची मांडणी बोईसरच्या ऑफिसात मी करते. त्यात 'ॲसिडची टाकी भरा' ही पायरी पानाच्या तळाशी होती आणि 'आधी खालचा व्हॉल्व बंद करा' हे पुढच्या पानावर, बारीक अक्षरात. मी ते वर घेऊन ठळक केलं. साहेबांनी दोनदा जुनंच ठेवलं. "मॅडम, मजकूर तोच आहे. नुसती सजावट कशाला?"

डोकंच फिरलं. घरातली पहिली पदवीधर मी, ती काय सजावटीसाठी शिकले? तारापूरला केमिकलच्या कारखान्यात आयुष्यभर ऑपरेटर असलेल्या बाबांना जुनं पान वाचायला दिलं. बोट फिरवत ते तळाशी आले.

"पान उलटेपर्यंत सगलं ॲसिड माझ्या पायावर आलं असतं गो!"

तिसऱ्यांदा दुरुस्ती पाठवताना कारण म्हणून मी तेवढंच वाक्य लिहिलं.