तक्त्यातली एक ओळ

आमच्या विद्यापीठात संशोधनाची संस्कृती सुधारायचा प्रकल्प आला आणि तो सांभाळायला एक बाई नेमल्या. प्राध्यापकांनी आठ दिवसांत त्यांचं नाव पाडलं, सुधारणाबाई. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावरची लेखनिक. एकोणतीस वर्षं याच इमारतीत घासली, म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "बाई, इथे सगळे मूग गिळून बसतात. कुणी तोंड उघडणार नाही." त्या नुसत्या हसल्या.

काम काय, तर लोकांना बोलतं करायचं. कोण कुणाला दाबतं, कुणाच्या कामावर कुणाचं नाव लागतं, नको असलेले आकडे कोण गाळतं. बाईंनी प्रश्नावली काढली. नाव लिहायचं नाही. फक्त विभाग, पद, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं. दोन महिने जिने चढून चढून बाईंच्या चपला झिजल्या. एक विभागप्रमुख म्हणाले, "आमच्याकडे सगळं उत्तम आहे, हवं तर सगळ्यांच्या वतीने मीच भरून देतो." दुसऱ्यांनी फॉर्मच्या गठ्ठ्यावर झाडाची कुंडी ठेवली. फॉर्म परत आले ते ओले, वर कोरे! कपाळ माझं!

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एक तंत्रज्ञ होत्या. दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायच्या, म्हणून त्यांना सगळे भिंगताई म्हणत. त्यांनी विचारलं, "माझं नाव कळणार नाही ना हो?"

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "माझा शब्द."

त्या शब्दावर भिंगताईंनी पानभर लिहिलं. बावीस वर्षं मोजमापं मी घेते, एकाही लेखावर माझं नाव नाही. आणि जी मोजमापं जुळत नाहीत, ती विभागप्रमुख पुसायला लावतात.

मग अहवाल. कुलगुरूंना तक्ता विभागवार हवा होता. बाईंनी तो केला, मी टाइप केला, आणि माती खाल्ली ती आम्ही दोघींनी इथेच. एका विभागाखाली ओळ होती: तंत्रज्ञ, स्त्री, वीस वर्षांहून अधिक, उत्तरं एक. पुढे ते उत्तर शब्दन् शब्द. अहो, त्या विभागात अशी बाई होतीच एक! आमच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या विभागप्रमुखांना ओळखायला दोन मिनिटं लागली.

सोमवारी भिंगताईंची बदली स्टेशनरीच्या भांडारात. कारण लिहिलं, 'अनुभवी व्यक्तीची निकड'. कागदाचे गठ्ठे मोजायला अनुभव! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या आणि तशाच भांडारात गेल्या. मीही मागे गेले. खिडकी नसलेली खोली, छतापर्यंत खोकी, मध्ये एक खुर्ची.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला परत तुमच्या खोलीत आणते."

"आता आणखी शब्द देऊ नका," भिंगताई म्हणाल्या आणि खोक्यांकडे वळल्या.

बाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली. कुलसचिवांनी कानावर हात ठेवले. शेवटी कुलगुरू म्हणाले, "दुसरं सर्वेक्षण होऊ द्या. त्यात तक्रारी निघाल्या तर समिती नेमू, त्या तंत्रज्ञ बाईंची बदलीही तपासू."

झालं, बाई कंबर कसून लागल्या. या वेळी फक्त पद विचारलं. पाचांपेक्षा कमी उत्तरं असली तर ती ओळ छापायचीच नाही, असा नियम केला. पहिल्या वेळी नव्वद फॉर्म आले होते, आता आले दोनशे बारा. गठ्ठा बघून मीच हरखले. मग उघडायला लागलो. उत्तम. उत्तम. उत्तम. अतिउत्तम! भांडारातली ती खुर्ची सगळ्यांनी बघितली होती. एकाचीही हिंमत झाली नाही. बाई टेबलावर डोकं टेकून बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

कुलगुरू मात्र खूश. संस्कृती सहा महिन्यांत सुधारली! बाईंना तीन वर्षं मुदतवाढ द्यायची ठरली, बैठकीसाठी पुष्पगुच्छ मागवला. मी तक्ता टाइप करत होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "शेवटी एक ओळ वाढवा. प्रकल्प व्यवस्थापक, उत्तरं एक. अतिशय वाईट."

"बाई, हे तुम्हीच, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमचाच नियम मोडताय."

"माझ्यापुरताच मोडतेय. टाइप करा."

बैठकीत सगळे विभागप्रमुख होते. कुलगुरूंचं बोट त्या ओळीवर थांबलं. "हे एक कोण?"

"मी," बाई उभ्या राहिल्या. "तक्रार निघाली, सर. आता समिती नेमा आणि भिंगताईंना परत आणा."

"एकीच्या म्हणण्यावर समिती नेमता येत नाही," कुलगुरू म्हणाले. मग खोलीभर बघून त्यांनी विचारलं, "आणखी कुणाची तक्रार आहे?"

बाईंनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे.

मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसले होते. त्या दोनशे बारांत माझाही फॉर्म होता. मी 'उत्तम'वर खूण केली होती. निवृत्तीला सातच महिने उरले होते. मी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं, 'कुणाचीही नाही.'