चिंबोऱ्यांच्या दोन टोपल्या

माझा स्वभाव मुळातच संशयी. कोणी न मागता चहा पाजला तरी ह्याचं काय काम असेल, हेच आधी मनात येतं. संशोधनात हा गुण समजला जातो, म्हणून माझं निभावलं.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या हाती एकमेकींना निरोप धाडतात. त्यांतल्या, सुखाशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन ह्या एका रसायनावर माझी उभी हयात गेली, पण नाव झालं ते एकाच निबंधावर. डहाणूच्या खाडीतल्या काही चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मी एका टाकीत एकत्र ठेवल्या, काही डब्यांत एकेकट्या. संगतीतल्या चिंबोऱ्यांत सेरोटोनिन जास्त निघालं, एकट्यांत कमी. लोकांना हे फार आवडलं. जो तो आपल्या लेखात माझ्या निबंधाचा दाखला देऊ लागला. आमच्यात माणसाचं वजन अशा दाखल्यांवर ठरतं, आणि मी सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायची. कोण मुद्दाम दाखला देत नाही, हेही बघायची.

माझ्याकडे पीएचडीला गंजाडची एक विद्यार्थिनी होती. घरी भातशेती, आणि गावातून इतकं शिकलेली ती पहिलीच. तिने बाजारातल्या चिंबोऱ्या आणून माझाच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा दोन्ही गटांत फरक दिसेना. आधी मला वाटलं, हिचा हात घाईचा. मग वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय, हिला कोणीतरी फितवलंय. मी तिच्या प्रबंधावर सही केली नाही.

"मॅडम, मोजमाप माझं बरोबर आहे," ती एकदा म्हणाली. "एकदा तुम्ही शेजारी उभ्या राहा, एवढंच मागते."

मी उभी राहिले नाही. काही महिन्यांनी ती सोडून गेली. तलासरीला एका कॉलेजात शिकवते, असं पुढे कानावर आलं.

गेल्या वर्षी माझे दाखले एकदम वाढले. अर्धा दिवस मी खुशीत होते. मग ते लेख उघडून वाचले. प्रत्येकात थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं, की हा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळाला नाही. हे सगळे एकमेकांना सामील आहेत, अशी माझी खात्री पटली. कोण कोणाबरोबर शिकलं, कोणी कोणाला परिषदेला बोलावलं, ह्याची मी यादीसुद्धा केली. शेवटी डोकं दुखायला लागलं तेव्हा रजा टाकून डहाणूला आत्याकडे आले.

आत्या मासळी विकते. त्या प्रयोगाच्या चिंबोऱ्या तिनेच गोळा करून दिल्या होत्या. अंगणात बसून ती नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या निवडत होती, आणि मी लोक कसे माझ्यावर उठलेत ते सांगत होते. ती एकेक चिंबोरी उलटी करून पोटाकडून अंगठ्याने दाबायची. मांसाने भरलेली एका टोपलीत, पोकळ दुसरीत. भरलेल्या घरच्यांना, पोकळ स्टेशनजवळच्या लॉजवाल्यांना. आमच्याकडे हे असंच चालतं आणि लहानपणापासून मी भरलेल्याच खात आले. बोलता बोलता मी थांबले. माझ्या वेळी कशा दिल्या होत्या, विचारलं.

"तुला सगळ्या भरलेल्याच द्यायच्या होत्या गं," आत्या म्हणाली. "पण तू मागितल्यास ढीगभर. एक टोपली घरच्यांची केली, दुसरीत उरल्यासुरल्या टाकल्या."

पहिली टोपली मी टाकीत ओतली होती, दुसरी डब्यांत वाटली होती. म्हणजे भरलेल्या सगळ्या एकत्र, पोकळ सगळ्या एकेकट्या. मिसळायला हव्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते. पण घरून आलेल्या टोपल्यांवर मला संशय आला नाही. जगात तेवढ्या एकाच ठिकाणी आला नाही. मी मोजत होते ते संगतीचं सुख नव्हतं, आत्याची माया होती. काही चुकलं का, असं तिने विचारलं. तुझं काही चुकलं नाही, असं मी म्हटलं आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आशागडवरून जीप धरून तलासरी गाठली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझी ती विद्यार्थिनी वह्या तपासत होती. मी उभ्याउभ्याच टोपल्यांचं सगळं सांगितलं. तुझं मोजमाप बरोबर होतं, माझा निबंध मी मागे घेते, तुझ्या प्रबंधासाठी विद्यापीठाशी बोलते, असं म्हणाले. तिला आनंद होईल असं मी जीपमध्ये धरून चालले होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती. ह्या बाईचं आता काय काम असेल, असं ती बघत होती.

मग तिने वहीतून एक कोरा कागद फाडला आणि पेनासकट माझ्यापुढे सरकवला.

"लिहून द्या, मॅडम," ती म्हणाली. "आत्ता, इथेच."

मी लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, खाली तारीख घालायला लावली, कागद पर्समध्ये ठेवला आणि मगच मला बसायला खुर्ची दिली.