एका दिवसाच्या बांगड्या
गोरेगावच्या बाजारात कासारानं हिरव्या बांगड्या पुढे केल्या, की मला साखरा गावातल्या माझ्या चुलतीचे हात आठवतात. काका वायुदलात होते आणि ऐन उमेदीत बेपत्ता झाले. कुठे, कसे, हे सरकारनं कधी सांगितलंच नाही. गावानं मग परस्पर ठरवून टाकलं, की माणूस नोकरी सोडून पळाला आणि कुठंतरी दुसरं घर करून बसला. प्रेत आलं नव्हतं, म्हणून चुलती म्हातारी झाली तरी कुंकू लावायची, हात भरून हिरव्या बांगड्या घालायची, आणि शेजारीण तिच्या तोंडावर हसायची. एका उन्हाळ्यात धुरळा उडवत वायुदलाची जीप दारात आली. साहेबानं तिच्या हातात पदक दिलं आणि सांगितलं, की काका शत्रूच्या मुलखाचे विमानातून फोटो काढायला जायचे, काम गुप्त होतं, आणि विमान सगळ्यांसकट तिकडंच पाडलं गेलं. ज्यांनी थट्टा केली होती त्यांनीच हार आणले. संध्याकाळी तीच शेजारीण दोन म्हाताऱ्यांना घेऊन आली, रीतीप्रमाणे कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला. चुलतीनं हात पदराखाली घेतले. "इतकी वर्सं पळपुट्याची बायको म्हनलीस. आता एक दिस मर्दाची बायको म्हनून तरी घालू दे." बाया परतल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं आपणच उंबऱ्यावर हात आपटले. काचा मी गोळा केल्या. पदक आता माझ्या कपाटात आहे. कासार विचारतो, "ताई, हिरव्या भरू का?" आणि उंबऱ्यावरच्या त्या काचा आठवून मी हात मागे घेते.